मेंढीकोटाकडून ब्रिजकडे : अल्प खर्चात स्पर्धेची वाट

पत्त्यांचे नाव काढताच घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. पत्ते म्हणजे जुगार, निदान रिकामटेकड्यांचा उद्योग, असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. तथापि २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा प्रथमच समावेश झाला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या वेळी बर्धन ६० वर्षांचे होते. तेव्हा या खेळाकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहणे अनुचित ठरू नये.

पैशाचा प्रश्न

स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो खर्चाचा. पाश्चात्य देशांत १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा संग्रही पत्त्यांचा खेळ काढला. त्यात प्रत्येक खेळाडू स्वतः जमवलेली पाने घेऊन बसतो. दुर्मिळ पाने महाग. त्यामुळे नवख्याच्या बुद्धीआधी त्याच्या खिशाचीच परीक्षा होते. यावर उपाय म्हणून केवळ सामान्य पानांनी खेळण्याचा ‘पॉपर’ हा प्रकार निघाला. पॉपर म्हणजे कंगाल! ब्रिजमध्ये हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. ५२ पानांचा साधा जोड सर्वांना सारखाच.

आपली शिदोरी

आमगाव असो वा अर्जुनी मोरगाव, लग्नघरी, गणपतीच्या जागरणाला किंवा नागपूरच्या गाडीत मेंढीकोट न पाहिलेला विद्यार्थी विरळा. चार खेळाडू, समोरासमोर भिडू, प्रत्येकी १३ पाने, इस्पिकच्या उतारीवर इस्पिकच टाकण्याचे बंधन आणि हुकमाची मारामारी, हे सारे ब्रिजमध्येही आहे. म्हणजे निम्मा अभ्यास झालेलाच आहे!

नवे काय? येथे दहाच्या पानांना विशेष मोल नाही. मोल आहे ते किती हात होतील हे आधी सांगण्याला. पहिले ६ हात गृहीत धरून त्यापुढे बोली चालते. ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम करून १० हात करण्याची हमी. बोलीचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक व बिनहुकूम असा आहे. पानांची ताकद मोजण्यासाठी एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ व गुलामाला १ गुण धरतात. एकूण गुण ४०. भिडूंचे मिळून २५ च्या आसपास असल्यास तीन बिनहुकूम किंवा चार बदाम वा इस्पिक बोलण्यास हरकत नाही. बोली जिंकणाऱ्याचा भिडू पहिल्या उतारीनंतर आपली पाने उघडी मांडतो. त्यास ‘डमी’ म्हणतात.

दैवाला रजा

‘चांगली पाने आली म्हणून जिंकला’ ही तक्रार स्पर्धेत चालत नाही, कारण तेथे ‘डुप्लिकेट’ पद्धत असते. आठ विद्यार्थी, दोन टेबले, दोन जोड आणि आठ लिफाफे घ्या. ‘अ’ संघाची एक जोडी पहिल्या टेबलावर उत्तर-दक्षिण व दुसरी जोडी दुसऱ्या टेबलावर पूर्व-पश्चिम बसेल. उरलेल्या जागी ‘ब’ संघ. टाकलेले पान मध्ये न फेकता स्वतःपुढेच ठेवायचे. डाव संपताच प्रत्येकाने आपली १३ पाने आपल्या दिशेच्या लिफाफ्यात भरायची आणि चारही लिफाफे दुसऱ्या टेबलाकडे पाठवायचे. तोच डाव तेथे पुन्हा खेळला जातो. एकीकडे जी पाने ‘अ’ संघाकडे होती, तीच दुसरीकडे ‘ब’ संघाकडे जातात. मग उरतो तो केवळ बुद्धीचा फरक.

एक लहान धडा

समजा, आपल्या जोडीकडे हुकमाची ९ पाने आहेत. उरलेली ४ प्रतिस्पर्ध्यांत दोन-दोन असतील, असे नवशिका मानून चालतो. प्रत्यक्षात तीन-एक अशी विभागणी सुमारे ५० टक्के वेळा, दोन-दोन ४० टक्के आणि चार-शून्य १० टक्के वेळा होते. गेलेली पाने मोजणे व उरलेल्यांचा अंदाज बांधणे, ही सवय पुस्तकापेक्षा सरावानेच लागते. ज्यांच्या मोबाइलवर इंटरनेट आहे, त्यांना ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वर विनामूल्य सरावही करता येईल.

शेवटी

ओट्यावरच्या मेंढीकोटात आपल्या भगिनींना सहसा भिडू म्हणून बसवले जात नाही. परंतु २०१८ मध्येच कांस्यपदक मिळवणाऱ्या भारताच्या मिश्र संघात किरण नाडर, हेमा देवरा व हिमानी खंडेलवाल होत्या. जिथे वय, शरीरबळ व श्रीमंती आडवी येत नाही, असे खेळ थोडेच असतात. म्हणून विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, दोन जोड आणि आठ लिफाफे एवढ्या भांडवलावर महाविद्यालयात ब्रिज मंडळ सुरू करता येईल. प्राध्यापकांनी एखादी रिकामी खोली आणि आठवड्याचा एक तास दिला, आणि पैसे लावून खेळणाऱ्यास मंडळात जागा नाही हा नियम पहिल्याच दिवशी केला, तर घरच्यांच्या कपाळावरील आठीही हळूहळू मावळेल.