पडून राहिलेली सायकल

यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहार या दिल्लीच्या वसाहतीत, बहुमजली इमारतींच्या जिन्याखाली धुळीने माखलेली एखादी जुनी सायकल हमखास आढळते. "वापरलीच नाही, तेव्हा झिजली कशी असेल?" असे तिच्या मालकास वाटते. हा समज चुकीचा होय. चालत्या यंत्राची झीज घर्षणाने होते. पडून राहिलेल्या यंत्राची हानी रासायनिक क्रियांनी होते, आणि ती उशिरा नजरेस येते. म्हणून अशी सायकल बाहेर काढताना ती चकाकते की नाही हे पाहावयाचे नसते. ती हवी तेव्हा थांबेल की नाही, हे पाहावयाचे असते.

लोखंड

लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात. तीन स्वच्छ खिळे घेऊन हे पडताळता येते. एक खिळा घट्ट बुचाच्या कोरड्या बाटलीत ठेवावा. दुसरा उकळून निवविलेल्या पाण्यात बुडवून वर तेलाचा थर द्यावा. तिसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवावा. काही दिवसांत तिसरा खिळा तेवढा स्पष्टपणे गंजलेला दिसेल.

दिल्लीची हवा मे महिन्यात कोरडी असली तरी पावसाळ्यात दमट होते, आणि हिवाळ्यातील धुक्यात गार धातूवर दव जमते. हा ओलावा धूळ धरून ठेवते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे नट जागच्या जागी घट्ट रुतून बसतो. त्यावर पान्याचा जोर करू नये. तेल सोडून रात्रभर तसाच ठेवावा व मग सैल करावा.

दिल्लीतच मेहरौली येथे सुमारे 1600 वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. सायकलीच्या पोलादास असे कवच लाभत नाही. तिला रंग, मुलामा आणि तेल यांचाच आधार. वरवरचा गंज घासून काढता येतो. परंतु पुढच्या चिमट्यावर किंवा सांध्यावर तडा दिसल्यास सायकल चालवू नये.

रबर

गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये सापडली, आणि जॉन डनलॉप यांनी 1888 मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तथापि असे रबरही अमर नाही. वाहनांच्या धुरावर प्रखर ऊन पडले म्हणजे जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. तो रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो; जेथे रबर ताणलेले असते तेथे अधिक. हवा गेलेला टायर जमिनीवर दुमडून राहतो, म्हणून त्या घडीवरच भेगा आधी पडतात. भेगेतून आतील दोरे दिसू लागल्यास टायर बदलावा. ट्यूब फुगवून पाण्यात बुडवावी. बुडबुडे छिद्र दाखवितात. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवरील रबरी नळी मात्र न पाहताच नवी घालावी.

वंगण

जुन्या वंगणातील पातळ अंश निघून जातो, उरलेल्यात धूळ मिसळते. त्यावरच नवे तेल ओतल्यास धुळीचा लेप बनून तो पॉलिश कागदासारखा धातू घासतो. म्हणून चाकांचे व पेडलांच्या आसाचे छर्रे काढून रॉकेलने धुवावेत आणि नवे ग्रीस भरावे. साखळीची लांबी पट्टीने मोजावी. नव्या साखळीत लगतच्या दोन खिळ्यांमधील अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे 24 अंतरांची लांबी 304.8 मिलिमीटर भरते. ती 308 च्या आसपास गेली असेल तर साखळी बदलावी. येथे पोलाद ताणले गेलेले नसते. खिळे झिजलेले असतात.

ब्रेक

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेकची पकड तीच असेल तर थांबण्यास लागणारे अंतरही चौपट होते. वर्षानुवर्षे पडून ब्रेकचे रबर कडक व गुळगुळीत झालेले असते. त्याने रिम धरवत नाही. मुलामा दिलेली पोलादी रिम पावसात भिजली तर पकड आणखीच घटते. रबर जुने असल्यास नवेच बसवावे.

चाकांचे नट आवळून, सायकलीवर न बसता प्रथम परीक्षा घ्यावी. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली असता मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मागचा ब्रेक दाबला असता मागचे चाक न फिरता फरफटले पाहिजे. त्यानंतर इमारतीच्या आवारात सावकाश फेऱ्या माराव्यात. घंटी व मागील लाल परावर्तक तपासावा. एवढे सर्व झाल्यावरच नोएडा लिंक रोडसारख्या गर्दीच्या रस्त्याचा विचार करावा. तेथे मोटार अचानक आडवी आली, तर अपघात टाळण्याचे काम चकाकत्या रंगाने होत नाही. ते ब्रेकच्या दोन रबरी तुकड्यांनीच होते.