जुन्या टाइलवर नवी टाइल लावताना

ओट्यामागची भिंत नव्यानं करायची म्हटली की मिस्त्री दोनच गोष्टी सांगणार. एक तर "सगळं फोडू", नाहीतर "वरूनच चिकटवू". पहिल्यात त्याची मजुरी वाढते, दुसऱ्यात त्याचे दिवस वाचतात. दोन्ही ऐकून घे, पण निकाल भिंतीचा.

रुपयाचं नाणं घेऊन एकेक टाइल कोपऱ्यांवर वाजवून बघ. घट्ट बसलेली टणक वाजते, सुटलेली भद्द. भद्द वाजली की तिच्यावर खडूनं फुली मार. दोन-चारच फुल्या असतील तर तेवढ्या टाइल काढायच्या, मागचे खड्डे सिमेंट-वाळूनं भरून सुकू द्यायचे. भिंतीचा तिसरा हिस्सा फुल्यांनी भरला, तर मात्र वरून चिकटवायचा विषय तिथंच संपला. नवी टाइल आणि खालचा थर मिळून चौरस फुटाला पावणेदोन-दोन किलो ओझं वाढतं. जी टाइल स्वतःच सुटली आहे, ती ते कशी पेलणार?

घर सांगलीत गावभागात किंवा नदीकडेला असेल तर नुसतं नाणं पुरत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा घरांत शिरलं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंतीत क्षार मुरलेले असतात. भिंत पलीकडच्या खोलीतून बघ. रंगाचे पोपडे निघत असतील, पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर फोडायचंच आणि भिंत एक उन्हाळा उघडी ठेवायची. वर दुसरा थर चढवलास तर इकडून कोंडलेली ओल पलीकडच्या खोलीत निघेल.

साताऱ्याच्या जुन्या पेठांत नेमकं उलटं. तिथं दगड-विटांच्या, मातीत बांधलेल्या भिंती. पाटणकडे तर 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सोसलेली घरं आहेत. अशा भिंतीला ब्रेकर मशीन लावू देऊ नकोस, टाइलबरोबर निम्मी भिंत खाली येते. टाइल टणक वाजत असतील तर वरून चिकटवणंच बरं. काढाव्याच लागल्या तर छिन्नी-हातोडीनं, सावकाश. आणि एका रेषेत चार-पाच टाइल तडकलेल्या दिसल्या तर तो तडा भिंतीचा असतो, आधी त्याचा बंदोबस्त.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: फोडणीचं तेल. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून भिंत घास, दोनदा स्वच्छ पाण्यानं धू. मग पाणी शिंपडून बघ. थेंब गोळा होऊन राहिले तर तेल अजून आहे, पाणी पसरलं तर भिंत तयार. जत-आटपाडीकडे बोअरच्या पाण्याचा पांढरा थर नळामागं साचतो, तो पातीनं खरवडून काढायचा. त्यानंतर ग्राइंडरनं टाइलची चकाकी मारायची आणि धूळ ओल्या फडक्यानं पुसायची.

साधं सिमेंट या कामाला चालत नाही. काचेसारख्या पृष्ठभागात ते मुरतच नाही. पोत्यावर आयएस 15477 आणि टाइलवर टाइल चालते असं छापलेलं अ‍ॅडेसिव्हच आण. 20 किलोच्या पोत्यात साधारण 50 चौरस फूट होतात. जुने मिस्त्री सवयीनं टाइल पाण्याच्या टपात बुडवतात. सिमेंटला ते बरोबर होतं, अ‍ॅडेसिव्हला कोरडी टाइल लागते. दुसरी सवय म्हणजे पाठीला पाच गोळे लावून टाइल दाबणं. कोपरे पोकळ राहतात, पुढं तिथंच तुटतात, वर झुरळांची सोय होते. दातेरी थापीनं सगळीकडं सारखा थर ओढून घ्यायला लाव. उन्हाळ्यात थोडंथोडंच कालवायचं. बोटाला चिकटेनासं झालं की ते फेकायचं, पाणी घालून परत मऊ करायचं नाही.

भिंत सुमारे अर्धा इंच पुढं येते, हे मिस्त्री आधी सांगत नाही. नळाला जोडतुकडा, स्विचबोर्डाला लांब स्क्रू, खिडकीच्या चौकटीशी कड कशी मिळवायची, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरव. बोर्ड उघडायच्या आधी मेन स्विच बंद. ओट्याच्या कडाप्प्याशी दोन मिलिमीटर फट ठेवून ती सिलिकॉननं भर, सिमेंट तिथं तडकतं.

सांधे दुसऱ्या दिवशी भरायचे. शेगडीमागं मात्र इपॉक्सीच भर, पांढऱ्या सिमेंटवरचा हळदीचा डाग जन्मभर जात नाही. ते महाग आहे आणि लगेच पुसावं लागतं, म्हणून मिस्त्री कुरकुर करतो. करू दे.

दिवाळीच्या तोंडावर काम काढू नकोस, तेव्हा एकेक मिस्त्री चार घरं धरून बसलेला असतो. सहा-आठ टाइल जास्तीच्या घे आणि खोक्यावरच्या शेडच्या नंबरासकट माळ्यावर ठेव. पुढच्या वर्षी तीच छटा दुकानात मिळत नाही.