वीज नसतानाचा संगणक-तास

पासलीच्या डोंगराळ परिसरात पावसाळ्यात वीज गेली की संगणकाचा तास बुडाला, असे आपण मानतो. ते खरे नाही. पाच पुठ्ठ्यांवर १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके काढून ते त्याच क्रमाने पाच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. ठिपके दिसले तर एक. पुठ्ठा पालथा तर शून्य. ‘तेरा दाखवा’ म्हणताच ८, ४ आणि १ चे ठिपके दिसतात : ०११०१. यंत्राचा सारा व्यवहार शून्य आणि एक यांवर चालतो, हे उमगते व यंत्राचे भय सरते.

२००१ पासून एमएस-सीआयटीने संगणकसाक्षरता गावोगावी नेली. तरीही शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपली मुले पासवर्ड आणि ओटीपी परक्याच्या हाती देतात. ज्ञानाची किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होते, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

म्हणून दहावीपूर्वी प्रत्येकाला तीन गोष्टी याव्यात : युनिकोडमध्ये मराठी लिहिणे, स्वतःचा अर्ज स्वतः भरणे आणि पडद्यावरील मजकूर पारखून घेणे. ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, हे कालाम सुत्त आपल्याला शिकवतेच.

माजी विद्यार्थ्यांनी जुना संगणक अवश्य द्यावा. त्याहून मोलाचे म्हणजे, एक तास मुलांशेजारी येऊन बसावे.