विद्यार्थ्यांच्या हातातला माइक

२०२४ च्या दिवाळीत मी वडोदऱ्याला घरी गेले, तेव्हा ऑगस्टमधल्या पुराच्या गोष्टी अजून संपल्या नव्हत्या. विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलेलं, मगरी वस्तीत आलेल्या, लाइट गेलेले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, टीव्हीवर सगळा गुजरात दाखवत होते. पण आपल्या गल्लीत पाणी चढतंय की उतरतंय, ते कोण सांगणार?"

तो प्रश्न डोक्यात राहिला. मंडळाच्या अभ्यासवर्गासाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी 'विद्यार्थ्यांचा रेडिओ' घेतला. आजींच्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडेल असं वाटलं. थोडंफार सापडलंही.

कॉलेज आणि रेडिओ यांचं नातं आपल्या देशात जुनं आहे. १९३५ मध्ये म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून छोटं प्रसारण सुरू केलं आणि त्याला नाव दिलं 'आकाशवाणी'. पुढे सगळ्या देशाने हेच नाव घेतलं. आमच्या बडोदा संस्थानाचंही स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. स्वातंत्र्यानंतर ते ऑल इंडिया रेडिओत सामील झालं. पण ही केंद्रं प्राध्यापकांची किंवा दरबाराची. विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांनी स्वतः चालवलेला रेडिओ शोधायचा, तर १९४२ च्या मुंबईत यावं लागतं.

उषा मेहता मूळच्या सुरतजवळच्या सरस गावच्या. विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन त्या कायद्याचा अभ्यास करत होत्या. 'छोडो भारत'ची हाक आली तेव्हा वय २२. नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. मग लोकांना खरं काय चाललंय ते कळणार कसं? विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि इतर सोबत्यांना घेऊन त्यांनी 'काँग्रेस रेडिओ' उभा केला. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी साहित्याची मदत केली, राममनोहर लोहियांनी पाठबळ दिलं. २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर पहिलं प्रसारण झालं.

इंग्रजी आणि हिंदुस्तानीत बातम्या जात. देशभरातून माणसं त्या हातोहात आणून देत. लहरींचा माग काढत पोलिसांच्या गाड्या फिरत, म्हणून जागा सारखी बदलावी लागे. विदर्भातल्या चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची हकिकत छापायला वर्तमानपत्रं धजत नव्हती, तेव्हा ती या रेडिओने सांगितली. १२ नोव्हेंबरला छापा पडला. जेमतेम अडीच महिन्यांचा रेडिओ! उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनी येरवड्यात भोगली. नंतर त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत होत्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

स्वातंत्र्य मिळालं, तरी माइक मात्र सरकारकडेच राहिला. १८८५ च्या तार कायद्यामुळे प्रसारणावर सरकारची मक्तेदारी होती. ती हलली ९ फेब्रुवारी १९९५ ला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. हा निकाल देणाऱ्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. तरी शिक्षणसंस्थांना परवानगी मिळायला २००२ चा डिसेंबर उजाडला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' सुरू झालं. ते देशातलं पहिलं कॅम्पस रेडिओ केंद्र. पुढे पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आली, मुंबई विद्यापीठाचं केंद्रही आलं. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळू लागली.

या केंद्रांचा जीव लहान असतो. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे विद्यापीठाचा परिसर आणि भोवतालचं शहर, बस. निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांनी, तिथल्याच भाषेत केलेले असावेत, अशी अपेक्षा असते.

आता खरी मेख. या रेडिओंना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा पुढे द्यायच्या, एवढीच मुभा. ज्या कामासाठी उषा मेहतांनी तुरुंगवास पत्करला, तेच काम आजच्या विद्यार्थ्याला कायद्याने वर्ज्य आहे. मला हे पटत नाही. कॉलेजात निवडणूक झाली, फी वाढली, वस्तीत पाणी आलं नाही, तर विद्यार्थ्यांनी त्यावर जबाबदारीने बोलायला शिकायचं कुठे?

पण नियम नीट वाचले तर एक दार उघडं दिसतं. हवामान, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याच्या सूचना, परीक्षा, नोकऱ्या यांची माहिती 'बातमी' धरली जात नाही. मात्र आपत्तीसारखी माहिती स्थानिक प्रशासनाकडून आलेली हवी. म्हणजे पुराच्या रात्री काळ्या घोड्याजवळ पाणी किती फुटांवर आहे, कुठला पूल बंद आहे, हे प्रशासनाकडून घेऊन दर पंधरा मिनिटांनी सांगता येतं. बॅटरीवरचा साधा रेडिओ त्यासाठी पुरतो. आजींच्या प्रश्नाचं उत्तर हेच. दहा किलोमीटरचा पल्ला ही अशा वेळी उणीव ठरत नाही, कारण त्यांना सगळा गुजरात नकोच होता.

दुसरं कारण भाषेचं. दांडिया बाजार, रावपुरा इथल्या जुन्या घरांत अजून जी मराठी कानावर येते, ती पुण्या-मुंबईची नाही. पिढ्यान् पिढ्या गुजरातीशेजारी राहून तिचा हेल वेगळा झालाय. मोठ्या केंद्रांना त्या बोलीसाठी वेळ कुठून मिळणार? छोट्या रेडिओला मिळू शकतो.

परवाना, मनोरा हे सगळं संस्थेच्या पातळीवरचं. आपल्या मंडळाला आज जमेल ते एवढंच: शांत खोली, मोबाईल आणि समोर बोलणारं माणूस. दर महिन्याला प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला बोलतं करावं आणि पंधरा मिनिटं ध्वनिमुद्रण करावं, तारीख आणि गाव सांगून. उद्या केंद्र मिळालंच, तर ऐकवायला आपल्याकडे काहीतरी असेल.

मी सुरुवात केली आहे. पहिलं ध्वनिमुद्रण शेजारच्या आजींचं, विषय अर्थातच पूर.