आज्ञावलींचीही शाकारणी हवी

मालवणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका विसावतात. मच्छीमार त्यांचे तळ खरवडतात, फटी बुजवितात आणि नव्या हंगामाची सिद्धता करतात. घरांची शाकारणी तर पावसापूर्वीच उरकलेली असते. होडीत पाणी शिरण्याची किंवा छप्पर गळण्याची वाट कोणी पाहत नाही. शाळा व ग्रामपंचायत यांच्या संगणकांबाबत मात्र एकदा बसविलेली आज्ञावली कायमची झाली, असा समज आढळतो. हा समज दूर होणे अगत्याचे आहे.

पॅकेज आणि परिरक्षक

आज्ञावली झिजत नाही. परंतु तिच्या भोवतालचे सर्व काही बदलते. यंत्रे नवी येतात, सोबतच्या आज्ञावली बदलतात, जुने दोष उघडकीस येतात. मुक्त स्रोत पद्धतीत आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला असतो. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या 'डेबियन' या प्रणालीत प्रत्येक आज्ञावली पॅकेजच्या रूपाने मिळते. त्या पॅकेजला इतर कोणत्या पॅकेजांची गरज आहे, याची नोंद त्यातच असते. त्याची निगा राखणारी व्यक्ती किंवा गट म्हणजे परिरक्षक. मूळ लेखकाकडील सुधारणा पारखून घेणे, वापरणाऱ्यांच्या तक्रारी तपासणे आणि दोष दुरुस्त करणे हे त्याचे काम. हे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. परिरक्षकाने जबाबदारी सोडल्यास पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर होते व नव्या पालकाची वाट पाहते.

एका अक्षराचे उदाहरण

'किनाऱ्यावर' हाच शब्द पाहावा. त्यातील 'ऱ्य' पडद्यावर उमटण्यासाठी 'लोहित'सारखा टंक लागतो आणि अक्षरांची जुळणी करणारी 'हार्फबझ'सारखी आज्ञावलीही लागते. एकीत बदल झाला व दुसरी मागे राहिली, तर जोडाक्षर मोडू शकते. शिवाय युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे साठविता येते. दिसण्यात दोन्ही एकच; परंतु साध्या शोधात एका प्रकारची नोंद दुसऱ्या प्रकाराने सापडत नाही. असा दोष मराठी वाचणाऱ्यालाच प्रथम जाणवणार. त्याने तो कळविला नाही, तर दूरच्या परिरक्षकास त्याचा पत्ता लागणे कठीण.

सावधगिरीचा धडा

'एक्सझेड' ही माहिती आटोपशीर करून साठविणारी आज्ञावली असंख्य संगणकांत आहे. तिचा भार अनेक वर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अनोळखी व्यक्तीने सुमारे दोन वर्षांत विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभी तीत छुपी चोरवाट घातली. संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती शोधून २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केली. डेबियनमध्ये नवे पॅकेज आधी 'अस्थिर', मग 'चाचणी' आणि शेवटी 'स्थिर' शाखेत जाते. त्यामुळे स्थिर शाखा या संकटातून बचावली. एकट्यावर पडलेला भार हाही एक धोकाच असतो, हे यावरून दिसते.

कार्यालयांनी काय करावे

प्रत्येक संगणकातील प्रणालीचे नाव, आवृत्ती आणि तिला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्यांची अखेरची तारीख यांची नोंदवही ठेवावी. डेबियनच्या स्थिर आवृत्तीस सुमारे तीन वर्षे, व दीर्घकालीन साहाय्य धरून पाच वर्षे, दुरुस्त्या मिळतात. आवृत्ती बदलण्यापूर्वी दप्तराची प्रत वेगळी काढावी, बदल प्रथम एकाच संगणकावर करावा व तेथे मराठी दाखला छापून पाहावा. दोष आढळल्यास आवृत्तीचा उल्लेख करून, काय केले असता काय घडले, हे नेमके कळवावे. शिक्षक व विद्यार्थ्यांनाही हे सहज करता येईल.

मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळू शकते. तिची निगा मात्र कोणाच्या तरी श्रमांतूनच होते. त्या श्रमांस हातभार लावला, तरच गावाचे दप्तर पुढील पिढीलाही वाचता येईल.