समुद्रकाठच्या शहरात एक दिवस : रत्नागिरीची सहल आणि पाऊणकीचा पाढा



डिसेंबर उजाडला की शाळाशाळांत सहलीचं वारं वाहू लागतं. आमची शाळा दुष्काळी पट्ट्यातली. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी समुद्र फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. त्यामुळे "यंदा कुठं जायचं?" असं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "बाई, समुद्र!"

समुद्रकाठच्या शहरात मुलांना काय दाखवावं, काय करू द्यावं आणि काय सोडून द्यावं, हे मी दोन सहलींत शिकले. पहिल्या सहलीत चुका केल्या. दुसऱ्या सहलीत त्या टाळल्या. दोन्ही सांगते.

पहिल्या सहलीत काय चुकलं?

पहिल्यांदा आम्ही एका दिवसात ९ ठिकाणं केली. बस थांबायची, मुलं उतरायची, फोटो, की परत बस. परत आल्यावर निबंध लिहायला दिला, तर ४० वह्यांत एकच मजकूर : "आम्ही समुद्र पाहिला. आम्हाला खूप मजा आली."

पण खरी चूक वेगळीच होती. आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो सकाळी साडेनऊला. मुलं लगेच खडकांवर चढली. मी निर्धास्त होते, कारण पाणी लांब होतं. तासाभरात ते खडकांच्या मागून आत शिरलं आणि ७ मुलं खडकावर अडकली. तिथल्या एका कोळीदादांनी एकेकाला हात धरून बाहेर आणलं. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण माझे पाय थरथरत होते. ते मला म्हणाले, "बाई, आज पौर्णिमा. उधाणाची भरती. कुणाला विचारलं नाही का?"

नव्हतं विचारलं. चूक माझीच होती. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ही बातमी मी स्वतः वर्गात वाचून दाखवली होती. तरीही सहलीची वेळ ठरवताना मी फक्त घड्याळ पाहिलं, पंचांग पाहिलं नाही.

सहलीआधीचा पाठ : भरतीची वेळ काढणे

पुढच्या सहलीसाठी रत्नागिरी ठरली. संमतिपत्रं वाटली. एका मुलीचं पत्र कोरंच परत आलं. तिचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले, ती आजोबांजवळ राहते. मी घरी गेले. आजोबा म्हणाले, "बाई, पाण्याचा काय भरवसा? मागल्या टायमाला काय झालं ते गावाला ठाव हाय. पोरीच्या आईबापाला मी काय तोंड दाखवू?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "आजोबा, या वेळी पाण्याची वेळ काढूनच निघणार आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग पाऊणकी म्हणायलाच लागले. एकची पाऊण, दोनची दीड, तीनची सव्वादोन, चारची तीन... थेट वीसपर्यंत, न अडखळता. नात बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी आजोबांना मी वर्गात बोलावलं. पावकी, निमकी, पाऊणकी आता शाळेत पाठ करून घेत नाहीत. त्या दिवशी मात्र अख्खा वर्ग त्यांच्या मागून पाऊणकी म्हणत होता.

कोकण किनाऱ्यावर पूर्वापार वापरात असलेलं सूत्र असं आहे :

तिथी × पाऊण = पूर्ण भरतीची वेळ (दुपारची आणि रात्रीचीही, साधारणपणे)

शुद्ध असो वा वद्य, तिथी १ पासून १५ पर्यंत मोजायची. अमावास्याही १५ धरायची.

• चतुर्थी : ४ ची पाऊणपट ३. भरती ३ वाजता.
• अष्टमी : ८ ची पाऊणपट ६. भरती ६ वाजता.
• दशमी : १० ची पाऊणपट साडेसात. भरती साडेसातला.
• पौर्णिमा किंवा अमावास्या : १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला.

भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. त्यानंतर पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, कारण चंद्रही रोज उशिरा उगवतो. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमाराला सूर्य आणि चंद्राची ओढ काटकोनात असते, म्हणून पाणी कमी चढतं, कमी उतरतं. याला भांगाची भरती म्हणतात.

मुलांनी मागच्या सहलीचं गणित आपणहून मांडलं. पौर्णिमा, १५, सव्वाअकरा. "बाई, म्हणजे आपण साडेनऊला गेलो तेव्हा पाणी वरच येत होतं!" फळ्यावर ते आकडे बघताना मला पुन्हा ते खडक दिसले.

या वेळच्या सहलीला आम्ही अष्टमीचा दिवस धरला. भरती पहाटे ६, ओहोटी दुपारी सव्वाबारा, मग परत भरती संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. ही वेळ अंदाजाची असते, थोडा फरक पडतोच. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसांना विचारायचंच. आजोबांनी हिशेब स्वतः पुन्हा केला आणि मग सही केली.

रत्नागिरीत काय पाहिलं? (ठिकाणं ४, प्रश्न ४)

आदल्या दिवशी आंबा घाट उतरून संध्याकाळी पोहोचलो. एका शाळेत मुक्काम केला. प्रत्येक ठिकाणासाठी मुलांच्या वहीत एकच प्रश्न लिहून दिला होता.

१) रत्नदुर्ग : एकाच गावात दोन रंगांची वाळू का?

सकाळी लवकर किल्ल्यावर गेलो. तीन बाजूंनी समुद्र, वर भगवती देवीचं देऊळ, बाजूला दीपगृह. इथून पाहिलं की किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू, दुसऱ्या अंगाला पांढरी. गावातले लोक सरळ "काळा समुद्र" आणि "पांढरा समुद्र" असंच म्हणतात. मुलांनी आधी पैजा लावल्या : कुणी म्हणालं घाण पाणी, कुणी म्हणालं बोटींचं तेल. मग खाली जाऊन काळ्या वाळूवर लोहचुंबक फिरवला. काळे कण चुंबकाला चिकटून वर आले आणि सगळ्यांचे डोळे मोठे झाले. या वाळूत लोह असलेली जड खनिजं आहेत. पांढऱ्या वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा असतो. तिची चिमूट शाळेत आणून तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले, तर बुडबुडे आले. एवढ्या दोन प्रयोगांनी भूगोल आणि विज्ञान दोन्ही झाले.

२) मिरकरवाडा बंदर : समुद्राची सुट्टी कधी असते?

किल्ल्याच्या पायथ्याशीच हे मासेमारीचं मोठं बंदर. बोटी लागलेल्या, टोपल्या उतरत होत्या, लिलाव चालू होता. मासे विकणाऱ्या मावशींनी मुलांना बांगडा, सुरमई, कोळंबी ओळखायला शिकवलं. आमच्या मुलांना बैल ओळखता येतात, मासे नाहीत. त्या दिवशी शिकवणाऱ्या मावशी होत्या आणि मीही विद्यार्थिनी. प्रश्नाचं उत्तर एका खलाशीकाकांकडून मिळालं : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि तो काळ अनेक माशांच्या विणीचाही असतो. एक मुलगा म्हणाला, "आमची पेरणी असती तवा यांची सुट्टी."

३) थिबा राजवाडा आणि टिळक जन्मस्थान : माणसाला घरापासून लांब का ठेवतात?

ब्रह्मदेशाचा राजा थिबा. त्याची राजधानी मंडाले. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला कुटुंबासह भारतात आणलं. १८८६ पासून तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. जांभा दगड आणि सागवान वापरून बांधलेल्या या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याची समाधीही याच शहरात आहे.

तिथून टिळक आळीत गेलो. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म इथे झाला. मुलांना फक्त दोन ओळी दिल्या आणि सालं जुळवायला सांगितली : थिबा राजा, रत्नागिरीत, १८८६ ते १९१६. लोकमान्य टिळक, मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४.

दोन मिनिटं शांतता. मग एकजण ओरडला, "बाई, यांची अदलाबदल केली!" मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत, तेही एकाच काळात. इंग्रज सरकार माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचं, म्हणजे त्याचं ऐकणारं कुणी उरत नाही. टिळकांनी त्याच तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं.

राजवाड्यातून समुद्राकडे बघत आजोबांची ती नात हळूच म्हणाली, "राजाला पण घरची आठवण येत असंल न्हवं?" तिचे आई-बाबा सहा महिने लांब असतात. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवला.

४) भाट्ये किनारा : पाणी कधी वळतं?

साडेअकराला भाट्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो. आधी तिथल्या लोकांना विचारलं, "कुठपर्यंत जाऊ द्यायचं?" त्यांनी जागा दाखवली. नियम तीनच : घोट्याच्या वर पाणी नको, शिट्टी वाजली की बाहेर, आणि ६ मुलांमागे एक मोठं माणूस. आमच्यासोबत ५ पालक आले होते ते याचसाठी.

मुलांनी पाण्याच्या कडेला दर दहा मिनिटांनी एक काठी रोवली. पाणी मागे जात होतं, काठ्याही समुद्राकडे सरकत होत्या. मधल्या वेळात मुलांनी खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या इवल्या गोळ्या पाहिल्या, शिंपले मोजले, पाणी चाखून तोंडं वाकडी केली. साडेबाराला सातवी काठी रोवली, ती सहावीच्या जवळजवळ शेजारीच. आठवी काठी मात्र सातवीपेक्षा वर रोवावी लागली. "वळलं! पाणी वळलं!" एवढा आरडाओरडा आमच्या शाळेत निकालाच्या दिवशीही होत नाही. एकला मी शिट्टी वाजवली. सगळी मुलं लगेच बाहेर आली, कारण पाणी परत येतंय हे त्यांना मी सांगायची गरज उरली नव्हती.

काय सोडलं?

पतितपावन मंदिर, देवमाशाचा सांगाडा असलेलं मत्स्यालय, गणपतीपुळे, कवी केशवसुतांचं मालगुंड, आसपासच्या सड्यांवरची कातळशिल्पं, सगळं सोडलं. वाईट वाटलं, पण एका दिवसात चारच ठिकाणं मनात मावतात. मुलं मोठी असतील तर पतितपावन मंदिर जरूर घ्या. १९३१ मध्ये सर्व जातींच्या लोकांसाठी खुलं झालेलं हे देऊळ पाहताना "आधी कुणाला जाता येत नव्हतं?" हा प्रश्न विचारता येतो.

परतल्यावरचे उपक्रम

१. समुद्राचं १ लिटर पाणी पसरट ताटात उन्हात ठेवा. सुमारे ३५ ग्रॅम क्षार उरतात. वजन करा, पण खाऊ नका.
२. आठवडाभर रोज तिथी पाहून रत्नागिरीच्या भरतीची वेळ फळ्यावर लिहा.
३. थिबा राजाने घरी लिहिलं असतं असं एक पत्र मुलांना लिहू द्या.
४. निबंधाला विषय देऊ नका. "मला पडलेला प्रश्न" एवढंच लिहा.

या वेळी ४० वह्यांत ४० वेगळे मजकूर आले. कुणी चुंबकाविषयी लिहिलं, कुणी मावशींच्या हिशेबाविषयी. एकाने "जानेवारीत हापूस का मिळत नाही?" असं विचारून झाडावरच्या मोहोराचं चित्र काढलं.

पालकांना एकच विनंती. सहलीच्या पत्रावर सही करण्याआधी शिक्षकांना विचारा, "भरती किती वाजता आहे?" आम्हाला राग येणार नाही. हा प्रश्न मला पहिल्या सहलीआधी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

आणि हो, गावात बस थांबली तेव्हा आजोबा पारावर वाट बघत बसले होते. नात उतरली ती थेट त्यांच्याकडे. "आजोबा, तुमचं गणित पाव तासानं चुकलं. सव्वाबाराला न्हाई, साडेबाराला वळलं पाणी."

आजोबा हसले. म्हणाले, "वळलं न्हवं? मग झालं."