जुना ट्रॅक्टर : भंगार की भांडवल?

कापडाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या माणसाने ट्रॅक्टरवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण हिसाब कापडाला एक आणि लोखंडाला दुसरा, असा नसतो. शिवाय आपल्या नागपुरात लेथवाले, रेडिएटरवाले, वेल्डर, डिझेल पंपाचे मिस्त्री, रंगकाम करणारे असे कितीतरी कारागीर आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत. जुने यंत्र पुन्हा चालू करणे हा त्यांचा हुन्नर आहे. तो कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हिसाबाने चालतो, हे व्यापाऱ्यानेही समजून घेतले पाहिजे.

माझ्या धाकट्या बहिणीची कळमेश्वर तालुक्यात सहा एकरांची संत्र्याची बाग आहे. तिच्या सासऱ्यांनी १९७४ साली घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर शेडमध्ये अकरा वर्षे उभा होता. मेव्हणे गेल्यावर भाचे म्हणाले, भंगारात देऊ. बहीण म्हणाली, आधी मामूंना विचारा. विचारणे सोपे, सल्ला देणे अवघड. बाईची कमाई बागेवर, आणि प्रत्येक नांगरणीला, फवारणीला भाड्याचा ट्रॅक्टर. चुकीचा सल्ला दिला तर तिचे पैसे बुडणार होते.

यंत्राचे खानदान आधी पाहा

१९४९ साली जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, ते कांस गवताने पडीक झालेली जमीन ट्रॅक्टरने मोकळी करण्यासाठी. तेव्हा ट्रॅक्टर बाहेरून येत. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली, तिचाच हा बी-२७५. १९७७ साली ती कंपनी महिंद्रात विलीन झाली, आणि पुढे त्याच घराण्यातून २७५ डीआय निघाला. आपल्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यापारी आहे. ज्या यंत्राचा वंश बाजारात चालू आहे, त्याचे सुटे भाग मिळतात. ज्याचा वंश खुंटला, त्याचा प्रत्येक भाग लेथवर घडवावा लागतो आणि खर्चाला तळ राहत नाही. मात्र नाव एक म्हणून माप एक, असे समजू नये. आपण अस्तराचा रंग जुळवायला कापडाचा तुकडा सोबत नेतो, तसा जुना भाग सोबत न्यावा आणि जुळवूनच नवा घ्यावा.

पहिली चूक : ओढून चालू करणे

उस्तादांकडे जाण्याआधी भाच्यांनी एका वर्कशॉपवाल्याला बोलावले. त्याने साखळी बांधून ट्रॅक्टर ओढला आणि गियरमध्ये क्लच सोडला. कट्कन आवाज झाला आणि चाके घासत गेली. शेडचा पत्रा उडालेला होता, सायलेन्सर उघडा होता. पावसाचे पाणी सायलेन्सरातून उघड्या व्हॉल्व्हवाटे एका सिलिंडरमध्ये उतरले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला, पाण्यावर अडला, आणि कनेक्टिंग रॉड वाकला. एका डब्याने सायलेन्सर झाकला असता, तर हे नुकसान झाले नसते.

म्हणून नियम असा : वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन ओढू नये, सेल्फही मारू नये. आधी ऑइल काढावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने खाली बसते, बोल्ट ढिला करताच आधी तेच बाहेर येते. ऑइल दुधासारखे दिसले, तर पाणी मिसळले आहे असे समजावे. मग चारही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून सोडावे आणि आठवडाभर थांबावे. त्यानंतर इंजिन हाताने, थोडे पुढे, थोडे मागे, असे फिरवावे. नोझल बाहेर असल्याने आत पाणी असले तरी त्याला वाट मिळते. तरीही हलले नाही तर हेड उघडावे. जोर लावू नये.

कामाचा क्रम

आमच्या उस्तादांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. त्यांनी पहिला दिवस फक्त पाहण्यात घालवला. इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिले. प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर सोडण्याआधी भाच्याला मोबाइलवर फोटो काढायला लावले. नट-बोल्ट डब्यांत घालून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. जुन्या यंत्रांचे पुष्कळसे आटे इंची असतात. मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने घातला तर आटे मरतात.

इंजिन : वाकलेला रॉड बदलला. लायनर आणि क्रँक मायक्रोमीटरने मोजले. क्रँक झिजला असेल तर तो १०, २० किंवा ३० थाऊने घासतात आणि त्याच मापाचे बेअरिंग घालतात. मोजल्याशिवाय बेअरिंग विकत घेणे म्हणजे अंगाचे माप न घेता शेरवानी शिवणे. व्हॉल्व्ह घासून बसवले, हेड गॅस्केट नवे घातले.

डिझेल : टाकी गंजलेली असेल तर बाकीचे सारे काम फुकट जाते. टाकी धुवावी, फिल्टर नवे घालावेत. पंप आणि नोझल गॅरेजमध्ये उघडू नयेत, पंपाच्या बेंचवर तपासून घ्यावेत. या भागांत केसापेक्षाही कमी फट असते. सगळे जोडल्यावर एअर काढावी : आधी फिल्टरची, मग पंपाची, शेवटी नोझलच्या नटांची. नोझलची तपासणी करताना फवाऱ्यासमोर हात धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसते, आणि तशी जखम लहान दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते.

पाणी आणि हवा : रेडिएटर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा, रबरी पाइप सगळे बदलावेत. ऑइलवाला एअर क्लीनर पूर्ण उघडावा. आमच्या क्लीनरमध्ये उंदराचे घरटे निघाले.

वीज : जुन्या इंग्रजी बनावटीच्या काही ट्रॅक्टरांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते. पाहिल्याशिवाय बॅटरी लावली तर डायनॅमोची यंत्रणा जळू शकते. डीआय येण्यापूर्वीच्या बी-२७५ मध्ये हीटर प्लग असतात. थंडीत इंजिन उचलत नसेल, तर पंपाला दोष देण्याआधी ते तपासावेत.

क्लच आणि ब्रेक : बरीच वर्षे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. जुन्या क्लच प्लेटमध्ये आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची भुकटी हवेच्या प्रेशरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, तोंडाला चांगला मास्क लावावा. ही धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. आपले कारागीर याबाबत फार बेफिकीर आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

टायर : नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला भेगा असतील तर तो टायर बाद समजावा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली कोणीही शिरू नये. आधी लाकडी ठोकळे लावावेत.

रंग सर्वांत शेवटी. जो कारागीर आधी रंगाचे बोलतो, त्याच्यापासून गिऱ्हाइकाने सावध राहावे.

पहिला स्टार्ट

डिझेल बंद ठेवून आधी सेल्फ मारला. थोडा वेळ मारून, थोडा वेळ थांबून, ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत. उस्तादांनी हवेच्या तोंडाशी एक लाकडी फळी घेऊन भाच्याला उभे केले. डिझेल इंजिन कधी बेकाबू होऊन वेग घेते, मग डिझेल तोडूनही थांबत नाही. तेव्हा हवेचे तोंड फळीने बंद करावे, हात किंवा कापड कधीही नाही. फळीची गरज पडली नाही. आधी पांढरा धूर आला, मग एक सिलिंडर बोलला, मग दुसरा. बहीण दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन सर्वांसाठी चहा ठेवला.

हिसाब

आता व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. खालील आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपापल्या बाजारात विचारून बदलून घ्यावेत.

समजा, भंगारवाला ५० हजार देतो. मिस्त्रीचा अंदाज १ लाख १० हजार. त्यावर न दिसलेल्या दोषांसाठी २० टक्के, म्हणजे २२ हजार धरावेत. खिशातून १ लाख ३२ हजार जातील. पण भंगाराचे न मिळालेले ५० हजारही खर्चच आहेत. खरी किंमत झाली १ लाख ८२ हजार. तेवढ्याच ताकदीचा चालू ट्रॅक्टर बाजारात यापेक्षा कमी किमतीला मिळत असेल, तर तो घ्यावा. अडीच लाखांना मिळत असेल, तर दुरुस्ती करावी. आणि डिझेल व देखभाल वजा जाता भाड्याचे वर्षाला २२ हजार वाचत असतील, तर १ लाख ८२ हजार वसूल व्हायला आठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. तितके वर्षे शेती करणारे हात घरात आहेत का, हा प्रश्न आधी विचारावा. आमच्याकडे भाच्यांनी होय म्हटले, तेव्हाच मी पैसे काढायला सांगितले.

कागदही हिसाबातच येतात. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वर्गात मोडतो. त्याची नोंदणी १५ वर्षे चालते, नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यावे. आमच्या घरी हे राहून गेले होते. दुरुस्तीपेक्षा या कागदांसाठी जास्त फेऱ्या झाल्या.

कारागिरांना दोन शब्द

कारागीर बंधूंनो, अंदाज कागदावर द्या आणि त्याचे तीन भाग करा : केल्याशिवाय चालणार नाही ते, पुढे ढकलता येईल ते, आणि शोभेचे. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत दाखवा. आणि यंत्रात दम नसेल तर तसे साफ सांगा. एक काम जाईल, पण तो माणूस पुढची दहा कामे तुमच्याकडेच आणेल.

उस्तादांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो, त्यात वाईट काही नाही. पण नुसत्या आवाजावरून कोणता सिलिंडर कमी आहे हे सांगणारा कान त्यांच्यानंतर कोणाकडे जाणार? मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे. शहरात आयटीआय आहेत. पोरांना तिथे पाठवा, आणि सुटीत उस्तादांच्या हाताखाली उभे करा. माझा धाकटा भाचा आता दर रविवारी उस्तादांच्या गॅरेजमध्ये जातो. मागच्या महिन्यात त्याने एका शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची एअर एकट्याने काढली आणि मजुरी आणून आईच्या हातात दिली. ही कमाई मात्र माझ्या वरच्या हिसाबात धरलेली नव्हती.